दीड पानाच्या आक्का

आक्कांची खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला दाराबाहेरच्या ओटल्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आमच्या ह्यांना विचारलं, "भांडण झालं तर तुम्ही दोघं घरात भांडता की जिन्यात?"

हे गांगरले. परभणीहून सुरतेला आल्यापासून खोली दाखवणाऱ्यांनी आम्हाला नाही नाही ते विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "घरात."

"मोठ्यानं?"

"बेतानं."

आक्का उठल्या आणि किल्ली घेऊन आल्या. आमच्या आधी दोन कुटुंबं येऊन गेली होती आणि त्या दोघांनाही आक्कांनी हात जोडून "साभार परत" म्हटलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. त्यातल्या एका कुटुंबाला त्या शब्दांचा अर्थच लागला नाही. ते बिचारे उलट आभार मानून गेले.

पर्वत पाटिया या वस्तीच्या आतल्या बाजूला आक्कांचं घर होतं. खाली त्या राहायच्या आणि वर तीन भाडेकरू. घर बांधलं होतं त्यांच्या नवऱ्यानं. ते मिलमध्ये कापडाच्या घड्या घालणाऱ्या खात्यात मास्तर होते. मी आले त्याच्या बऱ्याच आधी गेले. आक्का मूळच्या अमळनेरकडच्या. लग्नाआधी मावशीकडे पुण्याला राहिल्या आणि तिथं एका पुस्तक प्रकाशनाच्या कचेरीत दाराशी बसायच्या कामाला लागल्या. आलेल्या माणसाला काय हवंय ते विचारायचं, कुणाला आत सोडायचं, कुणाला बाहेरच बसवायचं, नको असलेली हस्तलिखितं लेखकाच्या हातात परत द्यायची, हे त्यांचं काम. लग्न उशिरा झालं, त्यामुळे तिथं त्यांची बरीच वर्षं गेली. मग सुरतेला आल्या. पण मला विचाराल तर त्या कचेरीच्या दारातून आक्का कधी उठल्याच नव्हत्या.

भाजीवाल्याची किडकी वांगी साभार परत जायची. भाचीला आलेली स्थळं साभार परत जायची. एकदा सोसायटीच्या निवडणुकीतले उमेदवार हात जोडून दारात आले, तेही तसेच गेले. कारण मात्र आक्का कधी सांगायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, कारण दिलं की माणूस वाद घालतो, आभार मानले की निघून जातो.

माणसांबद्दलही त्या पुस्तकांच्या भाषेतच बोलायच्या. कुणाच्या लहानसहान खोडीला मुद्रणदोष म्हणायच्या. पुन्हा लग्न करून सुखात असलेली एक बाई गल्लीत होती, ती सुधारित आवृत्ती. स्वतःच्या नवऱ्याबद्दल एकदा मला म्हणाल्या, "मास्तरांची छपाई सुबक होती गं. मजकूर बेताचा." आणि मग डोळे पुसले. ते हसून भरले होते की रडून, हे कळलं नाही.

सुरतेत कुणाच्याही घरी साड्यांची कात्रणं पडलेली असतात. आक्का त्यांची पुस्तकांना कव्हरं घालायच्या. रडवणाऱ्या पुस्तकाला जॉर्जेट, इतिहासाला जाड जरीकाठ, प्रवासवर्णनाला फुलाफुलांचं काहीतरी. त्यामुळे त्यांचं कपाट उघडलं की साडीच्या दुकानात आल्यासारखं वाटायचं. जॉर्जेटवाली पुस्तकं हातातून सटकायची ती वेगळीच. आणि कुठलंही पुस्तक त्या पहिल्या पानापासून वाचायच्या नाहीत. पंचवीस-तीस पानं सोडून सुरुवात करायच्या. म्हणायच्या, लेखक तेवढा वेळ घसा खाकरत असतो.

दुपारी आम्ही बायका त्यांच्या ओटल्यावर धागा कटिंगला बसायचो. साड्यांवरच्या भरतकामाच्या मागचे लोंबते धागे कापायचे, गठ्ठा संध्याकाळी माणूस घेऊन जातो. हात चालत असतात, कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांत आक्कांनी आपली कचेरी भरली.

एक कवी फूटपट्टी घेऊन यायचा आणि दुसऱ्या कवींच्या संग्रहांची जाडी मोजून जायचा. दोन नामवंत लेखकांचा अबोला होता आणि दोघंही एकाच दिवशी येऊन एकाच बाकावर बसायचे. त्यांचे निरोप आक्का इकडून तिकडे पोचवायच्या, पण पोचवताना वाटेत बदलायच्या. एकानं "त्यांना म्हणावं, व्याकरण शिका" असं म्हटलं की आक्का दुसऱ्याला सांगायच्या, "तुमची भाषा शिकण्यासारखी आहे म्हणतात." असं करत करत दोघं एकमेकांच्या घरी जेवायला जायला लागले.

सगळ्यांत आवडती गोष्ट शिंकेची. त्या प्रकाशनाचे मालक भिडस्त. एखादा चिवट लेखक येताना दिसला की ते कागदाच्या गठ्ठ्यांमागं जाऊन लपायचे आणि आक्का सरळ चेहऱ्यानं सांगायच्या, मालक मुंबईला गेलेत. एकदा असं सांगून होतंय तोच गठ्ठ्यांमागून मोठी शिंक आली. लेखक आक्कांकडे बघायला लागला. आक्का म्हणाल्या, "बघा, मुंबईहून ऐकू आली. थंडी फार आहे म्हणतात तिकडं."

आम्ही बायका ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. आमचे हे बमरोलीच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. कापडाचा रंग पक्का की कच्चा हे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते म्हणायचे, "बाई चांगल्या आहेत, पण हा रंग एका धुण्यात जाईल." मी त्यांना गप्प करायची. खरं सांगायचं तर मलाही पुरती खात्री नव्हती.

आणि मग ती कादंबरी आली.

आक्कांनी रविवारच्या पुरवणीत एका लेखकाची मुलाखत वाचली. त्यात तो म्हणाला होता की कोवळ्या वयात तो पुण्यातल्या एका प्रकाशनात हरकाम्या होता, आणि त्याची नवी कादंबरी त्या जगावर आहे. आक्का पुरवणी हातात घेऊन जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी कधी वर येत नसत.

"हा आमचा पोऱ्या आहे," त्या म्हणाल्या. "ह्यानं सगळं बघितलंय. आता वाचा म्हणावं."

कुणाला म्हणावं, ते त्यांनी सांगितलं नाही. आमचे हे चहा पीत बसले होते, ते कपात बघायला लागले.

पुस्तक कुरियरनं मागवलं. ते येईपर्यंत आक्कांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं. त्या पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच येणार होत्या. दार उघडल्याशिवाय लेखक आत शिरणार कसा, असा त्यांचा हिशेब. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक कादंबरी पहिल्या पानापासून सुरू करायचं ठरवलं. वाचायचं काम माझ्यावर आलं. स्वतःबद्दलचं स्वतः वाचू नये, असं त्या म्हणाल्या.

हिवाळ्याचे दिवस होते. पहिल्या दुपारी आक्कांनी सगळ्यांना पोंक खाऊ घातला. हुरड्याचे कोवळे हिरवे दाणे, वर शेव आणि लिंबू. वरच्याच मजल्यावर राहणाऱ्या पारोळ्याच्या वहिनी, गल्लीतल्या चार-पाच जणी, सगळ्या कात्री आणि साड्या घेऊन आल्या. मी वाचायला लागले.

कादंबरीतलं प्रकाशन एका उंच इमारतीत होतं आणि तिला सगळ्या बाजूंनी काच होती. प्रकाशक खिडकीशी उभा राहायचा आणि आपण कोण आहोत याचा विचार करायचा. त्याचं एका अनुवाद करणाऱ्या बाईवर प्रेम होतं. ते दोघं परदेशात पुस्तकांच्या जत्रेला जायचे, मोठ्या हॉटेलात उतरायचे आणि तिथल्या खिडकीशी उभे राहून पुन्हा तोच विचार करायचे. दोन दुपारी गेल्या, तीन गेल्या. पारोळ्याच्या वहिनींनी न राहवून विचारलं, "ह्यांच्याकडं पार्सलं कोण बांधतं?"

आक्का म्हणाल्या, "थांब. अजून दार यायचंय."

दार आलं ते निम्म्या कादंबरीच्या पुढं. प्रकाशकाला त्याच्या वडिलांच्या वेळची जुनी कचेरी आठवते, तिथं. मला ते एक ओळ आधी दिसलं आणि माझा आवाज जरा अडखळला. पण थांबता येईना, सगळ्या ऐकत होत्या.

"दाराशी एक बाई बसत. त्यांच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नसे. त्या बोलत नसत. आलेल्याच्या हातात पाण्याचा ग्लास देत आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसत. त्यांच्या शेजारी बसलं की वाटे, जगाला काही घाई नाही."

असं सगळं मिळून दीड पान होतं. एक-दोघी हसल्या, त्यांना वाटलं, ही कुणी दुसरीच बाई. मग हळूहळू त्यांच्याही लक्षात आलं. कात्र्या थांबल्या. आक्कांनी मांडीवरच्या साडीचा एक धागा कापला आणि म्हणाल्या, "पुढं वाच."

मी म्हटलं, आज राहू दे. त्यांनी ऐकलं नाही. लिहिणाऱ्यानं पुरी केली आहे, आपणही पुरी करू, म्हणाल्या. आम्ही कादंबरी शेवटपर्यंत वाचली. ना आक्का पुन्हा आल्या, ना फूटपट्टी, ना शिंक. प्रकाशक शेवटच्या पानावरही खिडकीशीच होता.

त्या पुस्तकाला आक्कांनी कव्हर घातलं नाही. कपाटातल्या त्या रंगीबेरंगी रांगेत ते एकटंच उघडं उभं राहिलं.

गल्लीत मग जे व्हायचं ते झालं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, पण बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं. एकदा मी आणि आक्का पाण्याची मोटर बघायला मागच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा जिन्यात पारोळ्याच्या वहिनी कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, "तठे म्हातारी पानी पाजे, बाकी काही नई." आक्कांनी ते ऐकलं. अहिराणी तर त्यांच्या घरचीच भाषा. त्यांनी मोटर बंद केली आणि आत गेल्या.

त्यानंतर ओटल्यावर गोष्टी बंद झाल्या. आम्ही धागे कापायचो, आक्काही कापायच्या. भाजीवाल्यानं दिलं ते घेऊन टाकायच्या. तो गुजराती म्हातारा शेवटी घाबरला. मला बाजूला घेऊन आक्कांची तब्येत विचारायला लागला, "बेननी तबियत सारी नथी?" त्यानं मुद्दाम एक किडकं वांगं वर ठेवून बघितलं होतं आणि आक्कांनी तेही घेतलं होतं.

त्याच सुमाराला वरची एक खोली रिकामी झाली. बघायला आलेल्या पहिल्याच माणसाला आक्कांनी काहीएक न विचारता किल्ली दिली. हा माणूस पहाटेचा गजर लावून झोपायचा. गजरानं तो सोडून सगळं घर उठायचं.

एक दिवस दुपारी कुणी आलं नव्हतं. मी आक्कांना म्हटलं, सोडून द्या, कादंबरी म्हणजे काही साक्ष नव्हे. त्या म्हणाल्या, "माझ्याबद्दल वाईट लिहिलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. पण मी तिथं एवढी वर्षं बोलले, हसवलं, माणसं जोडली, आणि शेजारी बसलेल्या पोराला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही? मग मी कुणाशी बोलत होते गं?"

संध्याकाळी मी ह्यांना हे सांगितलं. ते एरवी यावर काहीतरी बोलले असते. त्या दिवशी नुसतं "हं" म्हणाले.

पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला की तेच लेखक व्याख्यानाला सुरतेत येणार आहेत. मी आक्कांना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, पाणी पाजायला मंडळाकडे माणसं असतील. मी तो विषय सोडला. पण रविवारी सकाळी आमचे हे रिक्षा घेऊन आले, ती ओटल्यासमोर उभी केली आणि आक्कांना म्हणाले, "चला. मला तुमच्या त्या शिंकेचं काय ते विचारायचंय. तुम्ही नसलात तर मी विचारू कसं?"

आक्का आत जाऊन साडी बदलून आल्या.

हॉल बऱ्यापैकी भरला होता. आम्ही पुढं बसलो, पण आक्का सवयीनं दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसल्या. लेखक पन्नाशी कधीच ओलांडलेले, पांढऱ्या केसांचे. बोलले छान. प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारलं, कादंबरीतली माणसं खरी आहेत का? ते म्हणाले, सगळी काल्पनिक आहेत. मी मागं वळून बघितलं. आक्का उठून पिशवी खांद्याला लावत होत्या.

मी त्यांच्यामागं धावले. आमचे हे मात्र सरळ स्टेजकडे गेले. लेखक पुस्तकांवर सह्या करायला बसत होते. ह्यांनी त्यांच्याजवळ जाऊन इतकंच सांगितलं की दाराशी बसणाऱ्या बाई आल्या आहेत आणि निघाल्या आहेत. लेखकांनी पेन तसंच टेबलावर ठेवलं. रांगेतली माणसं बघत राहिली आणि ते खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत आले.

"बाई," ते म्हणाले आणि वाकून नमस्कार केला.

आक्कांनी त्यांच्या केसांकडे बघितलं. "म्हातारा झालास की रे," म्हणाल्या. मग लगेच, काही न सजवता विचारलं, "मी बोलत नव्हते होय?"

लेखकांनी जे सांगितलं ते मी जवळच उभी असल्यामुळे ऐकलं. ते कचेरीत नवे होते. एका दुपारी गावाकडून फोन आला की वडील गेले. गावाची एसटी संध्याकाळी होती. तोवर जायला कुठं जागा नाही म्हणून ते दाराजवळच्या बाकावर बसून राहिले. आतून एकेक माणूस यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, काहीतरी समजूत घालायचा. त्यांना ते सहन होईना. आक्का तेवढ्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आतल्या माणसांनाही येऊ दिलं नाही, हातानंच परत पाठवलं. पाण्याचा ग्लास रिकामा झाला की भरून ठेवायच्या. संध्याकाळी कचेरी सोडून त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेल्या, खिडकीजवळची जागा पकडून दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभ्या राहिल्या. तेव्हाही बोलल्या नाहीत.

"तुम्ही एरवी किती बोलायचात ते मला ठाऊक आहे, बाई," लेखक म्हणाले. "पण लिहायला बसलो की तुम्ही मला त्या दुपारच्याच दिसायचात. दुसऱ्या दिसेचनात. मी काय करू?"

आक्का खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला हे काही आठवत नाही रे."

"नसेलच आठवत," ते म्हणाले.

मला वाटलं, आता निघावं. पण आमचे हे पुढं झाले आणि त्यांनी विचारलंच, साहेब, ती गठ्ठ्यांमागची शिंक खरी का हो?

लेखक मोठ्यानं हसले. "खरी म्हणजे काय! मी तिथंच होतो. कादंबरीत पण होती. संपादकांनी काढायला लावली. म्हणाले, वाचकाला पटणार नाही."

आमचे हे माझ्याकडे बघेनात. रिक्षात ते पुढं ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसले आणि गाडी रिंगरोडला लागल्यावर मागं न बघताच म्हणाले, "आक्का, रंग पक्का आहे."

आक्कांना त्याचा संदर्भ माहीत नव्हता आणि मीही सांगितला नाही. त्या बाहेर बघत होत्या. साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो शेजारून जात होते. मग त्या म्हणाल्या, "माणूस चांगला निघाला."

मी हो म्हटलं.

"कादंबरी मात्र वाईटच आहे," त्या म्हणाल्या. "काच पुसायला सुद्धा कुणी येत नाही त्यांच्याकडं."

सोमवारी दुपारी ओटल्यावर नेहमीपेक्षा जास्त बायका जमल्या. बातमी पोचली होतीच. पारोळ्याच्या वहिनी जरा लांब बसल्या होत्या; आक्कांनी त्यांना आपल्या शेजारी ओढलं. "आठे बठ, माय," म्हणाल्या आणि त्यांच्या मांडीवरची साडी अर्धी आपल्या मांडीवर घेतली. मग गोष्ट सुरू केली.

गोष्ट त्या दुपारचीच होती. पण काल लेखकांनी सांगितली होती त्यापेक्षा ती बरीच मोठी झाली होती. पोराच्या अंगात निळा सदरा होता. आतून समजूत घालायला येणाऱ्यांत तो फूटपट्टीवाला कवी होता, त्याला आक्कांनी डोळ्यांनीच दटावलं. मालक स्वतः आले, त्यांनाही परत पाठवलं. स्टँडवर गर्दी इतकी की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी लागली. एसटी हलली तेव्हा पोरानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि आक्का गाडीबरोबर चार पावलं चालत गेल्या.

मी तोंड उघडणार होते. कालच त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या की त्यांना यातलं काही आठवत नाही. पण पारोळ्याच्या वहिनींचे डोळे भरून आले होते आणि कात्र्या सगळ्यांच्याच थांबल्या होत्या, म्हणून मी गप्प बसले.

त्यालाही आता काही वर्षं झाली. आम्ही सुरतेतच डिंडोलीला स्वतःचा फ्लॅट घेतला, पण महिन्यातून एखादी दुपार मी आक्कांकडे जाते. गजरवाल्याला त्यांनी यथावकाश घालवला. गुडघे आणखी बिघडलेत, आवाज मात्र शाबूत आहे. नवी भाडेकरीण आली की तिला ती गोष्ट ऐकावीच लागते. सदरा कधी निळा असतो, कधी पट्ट्यापट्ट्यांचा. एसटी दर वेळी वेगळ्या गावाला जाते. ज्या दिवशी आक्का एक अवाक्षर बोलल्या नव्हत्या, त्या दिवसाबद्दल त्या आता पाऊण तास बोलतात, आणि मधे कुणी उठलेलं त्यांना चालत नाही.